झाड तयार असेल तेव्हा

यंदाच्या थंडीत एका सकाळी आमच्या बागेच्या माळीकाकांचा फोन आला. "ताई, तळ्याकाठच्या विलोची छाटणी चाललीय. रविवारपर्यंत फांद्या बाजूला ठेवतो. सोमवारी सगळं खताच्या ढिगावर जाणार." त्यांचं बोलणं नेहमी असंच, कामापुरतं. मी लगेच यादीतल्या सगळ्यांना निरोप धाडला: रविवारी सकाळी कोळशाची कार्यशाळा, जुने कपडे घालून या.

या सार्वजनिक बागेत मी गेली सहा वर्षं ऋतूप्रमाणे कलेच्या कार्यशाळा घेते. त्याआधी शाळेत चित्रकला शिकवायचे. वर्षभराचं वेळापत्रक आधीच का छापत नाही, असं मला पुष्कळजण विचारतात. अमुक महिन्याचा पहिला रविवार, तमुक महिन्याचा दुसरा, असं ठरलं की येणाऱ्यांना सोयीचं होतं, हे मला मान्य आहे. पण विलोची छाटणी कधी होणार हे पानं गळून झाड कधी निजतं त्यावर ठरतं. फुलोरा पंधरा दिवस मागेपुढे होतो. पावसाचं तर बोलायलाच नको. मग आम्ही असं ठरवलं, की पत्रकात फक्त ऋतू आणि विषय छापायचा. तारीख माळीकाका सांगतील, चार दिवस आधी. सुरुवातीला लोक कुरकुरले. आता फोनची वाट बघतात.

तर त्या रविवारची गोष्ट. चित्रासाठीचा उत्तम कोळसा पूर्वापार विलोच्या नाहीतर द्राक्षवेलीच्या काड्यांपासून करतात. करंगळीपेक्षा बारीक, शक्यतो सरळ आणि गाठ नसलेल्या काड्या निवडायच्या. साल ओली असतानाच सोलायची, कारण तेव्हा ती मोज्यासारखी निघून येते. वाळली की चिकटून बसते आणि चाकूनं खरवडावी लागते. माळीकाकांनी पहिल्या छाटणीतल्या थोड्या काड्या आधीच सोलून, बांधून शेडमध्ये वाळत टाकल्या होत्या, त्यामुळे त्या दिवशी भाजायला वाळलेल्या काड्या होत्या आणि सोलायला ओल्या. पत्र्याच्या डब्यात काड्या उभ्या, अगदी गच्च भरायच्या. झाकणाला खिळ्यानं एकच भोक पाडायचं आणि डबा विस्तवावर ठेवायचा.

मग फक्त बघत बसायचं. भोकातून आधी पांढरी वाफ येते, ती लाकडातल्या पाण्याची. नंतर पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. लाकडातला वायू बाहेर पडतो, पण आत हवाच पुरेशी नसल्यामुळे काडी पेटत नाही, नुसती काळी होत जाते. धूर थांबला की डबा उतरवायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. गरम असताना झाकण काढलं की हवा आत शिरते आणि आतली काडी न् काडी फुलून राख होते. ही वाट बघणं सगळ्यांत अवघड. त्या दिवशी चौदाजण होते, मोठी माणसं जास्त, आणि डब्याभोवती सगळी लहान मुलांसारखी उकिडवी बसली होती.

त्या वेळात मी त्यांना झाडासमोर उभं केलं. नुकतंच छाटलेलं विलो, वरच्या फांद्या गेलेलं, नुसत्या मुठी वळल्यासारखं दिसणारं. म्हटलं, या झाडाच्या काड्या भाजल्या जाताहेत, तोवर हे झाड पाठ करा. कागद नाही, पेन्सिल नाही. कुठली फांदी कुठून निघते, कुठे जाडी कमी होते, जुन्या छाटणीच्या जखमा भरून साल कशी गुंडाळली गेलीय, तेवढं बघा. अर्ध्या तासानं डबे उघडले आणि प्रत्येकानं त्या झाडाच्याच कोळशानं ते झाड काढलं.

नऊएक वर्षांचा एक मुलगा आजोबांबरोबर आला होता. त्याच्या डब्यातल्या मधल्या दोन काड्या नीट भाजल्या गेल्या नव्हत्या, तपकिरी राहिल्या होत्या. अशी काडी कागद ओरखडते, रेघ फिकट येते. तो रडवेला झाला. मी त्याला माझ्यातली एक काडी देणार, तोच त्याच्या आजोबांनी ती तपकिरी काडी घेतली आणि त्याच्या कागदावर खोडाच्या कडेनं ओढून दाखवली. ओरखडा आणि फिकट तपकिरी रेघ दोन्ही एकदम उमटलं. हुबेहूब साल. पोरानं पुढचं अख्खं खोड त्या दोन काड्यांनी केलं. इतकी वर्षं शाळेत मी सालीचा पोत शिकवत आले, पण असा कधी सुचला नव्हता.

आज हे सगळं जुळून येतं. पण माझी पहिली कार्यशाळा फार वेगळी होती, आणि तिच्याविषयी लिहिल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. त्या वेळी मी तयार कुंड्या आणल्या, रंग आणले, नक्षीचे कागद आणले. चाळीस माणसं आली. हिरवळीवर लांब टेबलं मांडली आणि सगळ्यांनी कुंड्या रंगवल्या. दोन तासांनी कुंड्या हातात घेऊन सगळे खूश होऊन गेले. मी आवरायला लागले तेव्हा लक्षात आलं की मी टेबलं भिंतीकडे तोंड करून मांडली होती, सावलीसाठी. दोन तास चाळीस माणसं बागेकडे पाठ करून बसली होती आणि त्यांना त्यात काही चुकल्यासारखं वाटलंही नव्हतं. मलाही तोवर वाटलं नव्हतं. हीच कार्यशाळा एखाद्या सभागृहात घेतली असती तरी काय बिघडलं असतं? त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून मी एकच कसोटी लावते: जी गोष्ट याच बागेत, याच आठवड्यात होऊ शकते, तीच घ्यायची.

दुसरी चूक याहून मोठी होती. ती सायनोटाइपची.

ऊन कडक असतं त्या दिवसांत आम्ही सायनोटाइप करतो, म्हणजे उन्हाच्या मदतीनं कागदावर निळे ठसे उमटवतो. आमच्याकडे सर्वांत जास्त गर्दी यालाच होते, आणि का होऊ नये! जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं 1842 साली ही रीत शोधली. यात त्या वेळच्या छायाचित्रणासारखे चांदीचे क्षार लागत नाहीत, लोखंडाचे लागतात. 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि वेगळ्या 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या ठेवायच्या आणि ऐनवेळी समप्रमाणात मिसळायच्या. हे मिश्रण मंद उजेडात, हातमोजे घालून, रुंद कुंचल्यानं जाड कागदावर लावायचं आणि अंधारात वाळवायचं. कागद पिवळट हिरवा दिसतो. त्यावर पान ठेवायचं, वर काच दाबायची आणि उन्हात न्यायचं. उन्हातल्या अतिनील किरणांनी लोखंडाचं रूप बदलतं आणि त्यातून प्रशियन ब्लू नावाचा निळा रंग कागदाच्या धाग्यातच तयार होतो. पानाखाली ऊन पोचत नाही, तिथलं रसायन पाण्यात धुऊन जातं आणि कागद पांढरा राहतो. कडक उन्हात दहा ते वीस मिनिटं पुरतात. बाहेर ठेवलेला कागद आधी निळसर, मग करडा, मग जवळजवळ गंजल्यासारखा दिसायला लागतो. नवखी माणसं तिथेच घाबरतात आणि कागद लवकर उचलतात. उचलू नका, चांगला करपल्यासारखा दिसू द्या. पाण्यात घातल्यावर तो निळा उघडतो तेव्हा प्रत्येक खेपेला कुणीतरी "अगं बाई!" म्हणतंच.

कार्यशाळेत मी ॲना ॲटकिन्सबद्दल आवर्जून सांगते. या इंग्रज बाई वनस्पतींच्या अभ्यासक होत्या. समुद्रशैवालं इतकी बारीक की हातानं अचूक काढणं कठीण, म्हणून त्यांनी हर्शेलची ही नवी रीत उचलली. 1843 पासून दहा वर्षं त्या शैवालांचे निळे ठसे काढून भागाभागांनी प्रसिद्ध करत राहिल्या. मजकूरही हातानं लिहून त्याच रीतीनं उमटवला. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्यांच्या कामाकडे बघतात. मला यात सगळ्यांत आवडतो तो उद्देश. त्यांना शोभेची चीज करायची नव्हती, शैवाल जसंच्या तसं दाखवायचं होतं. सुंदर ते आपोआप झालं. म्हणून मी येणाऱ्यांना सांगते, पानं काढून फुलाची आरास मांडू नका. एकच डहाळी घ्या, ती झाडावर जशी होती तशी ठेवा, आणि कोपऱ्यात तिचं नाव लिहा.

आता ती चूक. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना म्हटलं, बागेत फिरा आणि आपापलं पान निवडून आणा. नेच्याची पानं सायनोटाइपमध्ये फार देखणी उमटतात, हेही मीच आधी नमुना दाखवून सांगितलेलं. तीस माणसं निघाली आणि जवळजवळ सगळी सावलीतल्या नेच्यांच्या कोपऱ्यात गेली. प्रत्येकानं एक-दोनच पानं तोडली, जास्त नाही. त्या दिवशीचे ठसे अप्रतिम आले. दुसऱ्या दिवशी मी बागेत गेले तर तो कोपरा उघडा पडला होता. देठांचे खुंट तेवढे राहिले होते आणि खालची माती उन्हात पांढरी पडायला लागली होती. माळीकाका तिथे पाणी घालत होते. ते मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढचा पूर्ण मोसम मी त्या कोपऱ्यावरून जाताना नजर खाली ठेवून जायचे. नेचे परत आले, पण वेळ लागला.

त्यानंतर टोपली आली. कार्यशाळेच्या सकाळी माळीकाका छाटणीतलं, निंदणीतलं, विरळणीतलं आणि खाली पडलेलं जे असेल ते एका टोपलीत भरून आणतात आणि जे काही करायचं ते त्या टोपलीतून. झाडावरचं काहीही तोडायचं नाही, मुलांनीही नाही. गंमत अशी की टोपलीमुळे काम सुधारलं. तणात किती सुंदर पानं असतात ते आम्हाला टोपलीनं दाखवलं. किडीनं खाल्लेलं, जाळी झालेलं पान सायनोटाइपमध्ये असं उमटतं की निरोगी पान त्यापुढे फिकं. आता लोक टोपलीत हात घालून मुद्दाम भोकं पडलेली पानं शोधतात.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, कुणी घरी करणार असेल तर उपयोगी पडेल. सायनोटाइप केलेलं कापड नेहमीच्या साबणानं धुऊ नका. अल्कधर्मी पाण्यात निळा रंग उडतो. आणि भिंतीवर उन्हात लावलेला ठसा फिका पडला तर काही दिवस अंधारात ठेवून द्या, बराचसा रंग परत येतो.

फुलांच्या मोसमात आम्ही रंगीत कागद कापून फुलं करतो. ही कार्यशाळा मी मेरी डेलनी यांच्यामुळे सुरू केली. त्यांचा जन्म 1700 सालचा. दुसऱ्यांदा वैधव्य आलेल्या या बाईंनी वयाच्या 72व्या वर्षी, लाल कागदाचा एक कपटा आणि जिरेनियमची पाकळी यांचा रंग सारखा दिसला म्हणून, कागद कापून फूल केलं. मग पुढची दहा वर्षं, नजर साथ देत होती तोवर, त्या थांबल्या नाहीत. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक बारीक कागदी तुकडे चिकटवून केलेली त्यांची जवळजवळ हजार फुलं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्या आधी रेखाटन करत नसत. खरं फूल समोर ठेवून, उलगडून, पाकळ्या आणि पुंकेसर मोजून थेट कात्रीनं कापत. लंडनजवळच्या क्यूच्या प्रसिद्ध वनस्पती-बागेतूनही त्यांच्याकडे फुलं येत असत.

कात्रीचं हे काम मला फार महत्त्वाचं वाटतं. "मला चित्र काढता येत नाही" म्हणणारी माणसं पेन्सिल दिसली की आक्रसतात. शाळेत कुणीतरी, कदाचित माझ्यासारख्याच एखाद्या शिक्षिकेनं, त्यांच्या चित्रावर फुली मारलेली असते. कात्रीला ती आठवण नसते. दोन वर्षांपूर्वी एक आजी आल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, सुनेनं आग्रहानं आणलेल्या. पहिला तास नुसत्या बसून राहिल्या. मी जवळ बसले आणि त्यांना म्हटलं, आजी, कापू नका, नुसतं मोजून सांगा, पाकळ्या किती? त्यांनी टोपलीतलं फूल उचललं. पाच. पुंकेसर? त्यांनी चष्मा वर केला, फूल नाकाजवळ आणलं आणि मोजायला लागल्या. मोजता मोजता म्हणाल्या, "अगं, हे सगळे एका नळीवर चिकटलेत की! मी आयुष्यभर जास्वंद लावलीय दारात, आणि हे पाहिलंच नाही." त्या दिवशी त्यांनी नुसती ती नळी कापली, पिवळ्या कागदाची, आणि तिच्यावर बारीक बारीक ठिपके चिकटवले. पाकळ्या पुढच्या वेळी करते म्हणाल्या, आणि केल्याही. आता त्या दरवेळी येतात आणि नवीन माणसाला शेजारी बसवून आधी मोजायला लावतात. मला वेगळं काही सांगावं लागत नाही.

पावसात माणसं कमी येतात. मला तो मोसम सर्वांत प्रिय आहे. भूछत्रं उगवली की त्यांच्या बीजाणूंचे ठसे घेतो. देठ काढून टोपी अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची आणि रात्रभर हलवायची नाही. टोपीखालच्या पात्यांमधून बीजाणू झडतात आणि सकाळी कागदावर किरणांसारख्या रेघा उमटलेल्या असतात. पांढरे बीजाणू काळ्या बाजूवर दिसतात, तपकिरी किंवा काळे पांढऱ्या बाजूवर, म्हणून दोन्ही कागद. भूछत्रं खायची नाहीत, त्यांना हात लावल्यावर हात धुवायचे, हे मी तीन तीन वेळा सांगते. आणि पावसाचा जोर असेल तर हरितगृहात बसून आवाजाचा नकाशा काढतो: कागदाच्या मध्यभागी आपण, आणि ज्या दिशेनं जो आवाज येईल तिथे त्याची खूण. काचेवरचा पाऊस, पन्हाळीतलं पाणी, लांबचा एखादा पक्षी. वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. अंध असलेला एक तरुण या कार्यशाळेला नेमानं येतो आणि जाड कागदावर टोच्यानं उठाव करून नकाशा काढतो. त्याच्या नकाशात नेहमी आमच्यापेक्षा दुप्पट खुणा असतात.

थंडीत फुलं-पानं संपतात तेव्हा वर्षभर दाबून ठेवलेल्या पानांची कपाटं उघडतो. सोळाव्या शतकात इटलीत लुका घिनी नावाचे वैद्यकाचे अध्यापक झाडं कागदात दाबून, वाळवून, चिकटवून ठेवायला शिकवत. त्या संग्रहाला लॅटिनमध्ये कोरडी बाग म्हणत. वनस्पतीशास्त्राच्या पहिल्या बागाही त्याच काळातल्या, पादुआची बाग 1545 सालची आणि आजही त्याच जागी आहे. पान दाबताना लोक एकच चूक करतात, टीपकागद बदलत नाहीत. पहिले काही दिवस रोज कोरडा कागद घालावा लागतो, नाहीतर पान काळं पडतं. हे रोजचं काम आमच्याकडे दोन शाळकरी मैत्रिणींनी आपणहून घेतलंय.

कार्यशाळांच्या जोडीला बागेत सगळ्यांसाठी म्हणून काही कार्यक्रम होतात. बियाण्यांची अदलाबदल होते. तिच्यासाठी पाकिटं आम्हीच घडी घालून करतो आणि प्रत्येक पाकिटावर त्या झाडाचं चित्र, नाव आणि बी धरल्याचं वर्ष असतं. वर्ष नसलेलं पाकीट आम्ही टेबलावर घेत नाही. प्लास्टिकही घेत नाही, ओल राहिली तर बी कुजतं. एका दिवसात बागेत किती जातींचे जीव सापडतात त्याची मोजणीही करतो. अशी पहिली मोजणी 1996 साली वॉशिंग्टनमधल्या केनिलवर्थ ॲक्वाटिक गार्डन्समध्ये झाली आणि मग ती कल्पना जगभर गेली. आमची मोजणी लहान असते, पण जे सापडेल त्याचं रेखाटन करायचं असा आमचा नियम आहे. फोटो काढा, हरकत नाही, पण रेखाटनही करा. पाय किती, शिंगं कशी, पंख मिटलेले की पसरलेले, हे रेखाटताना विचारावंच लागतं.

यातला माझा सर्वांत आवडता कार्यक्रम दिव्यावर येणाऱ्या पतंगांच्या रात्रीचा. वारा नसलेली, उबदार, चंद्र नसलेली रात्र निवडायची, दोन झाडांमध्ये पांढरी चादर ताणायची आणि मागे दिवा लावायचा. पहिला अर्धा तास काहीच येत नाही आणि माणसं चुळबुळतात. मग एक येतो. मग चादर भरत जाते. करडा म्हणून ज्याला आपण सोडून देतो त्या पंखावर जवळून पाहिलं तर राखाडीच्या सात छटा असतात. पाण्याचे रंग घेऊन आम्ही तिथेच, लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात, त्या छटा जुळवायचा प्रयत्न करतो. चित्रकलेची शिक्षिका म्हणून सांगते, राखाडी रंग शिकायला याहून चांगली शाळा नाही. मध्यरात्रीच्या आधी दिवा बंद करतो आणि चादर झुडपांमध्ये हलकेच झटकतो. पतंग चादरीवर तसेच राहिले तर पहाटे पक्षी त्यांना टिपून नेतात, आणि आपण बोलावलेल्या पाहुण्यांचं असं होता कामा नये.

अडचणी आहेतच. एका वर्षी आमचं एक नियोजित सत्र आयत्या वेळी रद्द करावं लागलं, कारण ती जागा दुसऱ्याच एका समारंभाला दिली गेली होती आणि आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. बारा माणसं फाटकाशी उभी होती, त्यांत व्हीलचेअरवरच्या एक बाई लांबून आल्या होत्या. मी त्यांना काय सांगणार होते? आम्ही फाटकाबाहेरच्या झाडाखाली बसलो आणि सालीवर कागद ठेवून मेणाच्या खडूनं ठसे घेतले. त्या बाईंनी नंतर मला सांगितलं की आमची टेबलं त्यांच्यासाठी नेहमी उंच पडतात. इतकी वर्षं हे मला दिसलं नव्हतं. आता दोन टेबलं कमी उंचीची आहेत, खाली खुर्ची सरकेल अशी, आणि गंमत म्हणजे लहान मुलंही तीच पटकावतात. कार्यक्रम कुठलाही असो, बसायला पाठ टेकेल अशी जागा, सावली, पाणी आणि जवळ स्वच्छतागृह एवढं नसेल तर म्हातारी माणसं आणि लहान मुलांच्या आया येत नाहीत. आणि ती आली नाहीत तर बाग सार्वजनिक कशी म्हणायची?

सध्या ऊन तापतंय आणि हरितगृहाच्या बाहेरच्या फळीवर आमच्या अकरा चौकटी ठेवल्यात. यंदा पहिल्यांदाच अँथोटाइप करून बघतोय. हाही हर्शेलच्याच अभ्यासातला प्रकार. गळून पडलेल्या पाकळ्या कुटायच्या, रस गाळायचा आणि कागदाला लावायचा. रसायन कुठलंच नाही. वर पान आणि काच ठेवून उन्हात सोडून द्यायचं. उघड्या भागाचा रंग ऊन खाऊन टाकतं, पानाखालचा रंग तसाच राहतो. याला मिनिटं नाही, दिवस लागतात, कधी कधी आठवडे. आणि हा ठसा पक्का करता येत नाही. बाहेर ठेवला की राहिलेला रंगही हळूहळू उडून जातो. म्हणून तो अंधारात, वहीत ठेवायचा आणि बघायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरता उघडायचा.

हे सांगितल्यावर दोघीतिघी म्हणाल्या, मग करायचंच कशाला? जास्वंदवाल्या आजींनी उत्तर दिलं नाही, नुसता खल पुढे ओढला आणि पाकळ्या कुटायला घेतल्या. मग त्याही बसल्या.

आज बारावा दिवस. सकाळी मी एका चौकटीची काच कोपऱ्यातून उचलून पान थोडं वर केलं. खाली गुलाबी कागद आणि बाहेर अजून फिकट गुलाबी, फरक आहे, पण तेवढा नाही. माळीकाका मागून आले, वाकून बघितलं आणि पान पुन्हा होतं तिथे बोटानं बसवलं.

"अजून आठवडा लागेल," म्हणाले, आणि चौकट जरा उन्हाकडे वळवून गेले.